चारशे बारा टिंबं

एका ओळीचा प्रोग्राम लिहायचा होता. एवढंच. मी रोज ऑफिसात जावा नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहूनच पोट भरते, त्यामुळे ही ओळ रविवारी चहा आणि आंघोळ यांच्या मधल्या वेळात लिहून टाकीन, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "आंघोळ आधी करून घे." तिचा माझ्यावर विश्वास नाही असं नाही. ती मला बरीच वर्षं ओळखते.

काम साधं होतं. बाबांना जाऊन अडीच महिने झाले होते. महिनाअखेरीला आई घर सोडून माझ्याकडे राहायला येणार होती. माझ्या घरात पुस्तकांसाठी कपाट रिकामं होऊ शकत होतं ते एकच, आणि बाबांची पुस्तकं होती एक हजार नऊशे चाळीस. हा आकडा गोळाबेरीज नाही. बाबा छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. घरातल्या प्रत्येक पुस्तकाचं त्यांनी कार्ड केलं होतं: नाव, लेखक, कधी आणलं, बांधणी कशी आहे, कोण घेऊन गेलं आणि कोणी परत केलं नाही. कार्डं बुटांच्या नऊ खोक्यांत, अक्षरानुक्रमे. आणि काही कार्डांच्या उजव्या कोपऱ्यात एक टिंब. कशाचं, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

बाबांच्या खुणांना नेहमी अर्थ असे. छापखान्यातला नियम ते घरातही पाळत: जिथे खात्री आहे तिथे शाई, आणि जिथे लेखकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही तिथे शिसपेन्सिल. माझे शाळेतले निबंध ते तपासत तेव्हा वहीत पेन्सिलच जास्त दिसायची, कारण मला काय म्हणायचं आहे याची त्यांना खात्री नसे. मलाही नसे.

तर ठेवायचं काय आणि ग्रंथालयाला द्यायचं काय, हे शनिवारी अकराच्या आत ठरायला हवं होतं. तेव्हा गाडी येणार होती. टिंबवाली ठेवावीत असं मनात आलं. पण माझ्या कपाटात दोनशेच्या वर पुस्तकं मावणार नव्हती, आणि मुख्य म्हणजे टिंब कशाचं हे कळल्याशिवाय मला एकही पुस्तक दारातून बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. लोक भेटायला येत आणि माझ्या चेहऱ्यावर दुःख शोधत. त्यांना तिथे कुतूहल सापडे आणि ते जरा नाराज होऊन परत जात.

मी आठवडाभराची रजा घेतली आणि आईकडे येऊन राहिले. आई कार्डं वाचायची, मी संगणकात भरायची.

"टिंब आहे की नाही, तेवढंच सांग," मी म्हटलं. "आहे किंवा नाही. तिसरं काही नको."

"आहे," आई म्हणाली. मग आणखी वीस कार्डांनंतर, "आहे, पण..."

"आई, पण नको. त्या रकान्यात 'पण' बसत नाही."

"बरं बाई. आहे."

असं चारपाचदा झालं, मग तिने 'पण' म्हणणं सोडलं. मंगळवारी संध्याकाळी सगळी कार्डं आत गेली. टिंबं निघाली चारशे बारा.

आता जावात अशा कामासाठी एक फार सभ्य सोय आहे. तिला प्रेडिकेट म्हणतात. प्रेडिकेटच्या हातात एक वस्तू द्यायची, ते तिच्याकडे बघतं आणि फक्त हो किंवा नाही म्हणतं. कारण देत नाही, उदाहरण देत नाही, "आमच्या वेळी" अशी सुरुवात करत नाही. माझ्या ओळखीत असं माणूस एकही नाही. एक चांगलं प्रेडिकेट लिहिलं की एक हजार नऊशे चाळीस पुस्तकं त्याच्यासमोरून रांगेने जातात आणि ठेवायची तेवढी बाजूला होतात. प्रश्न नीट विचारला पाहिजे, इतकंच.

प्रश्न नीट विचारायला मी बुधवारी ग्रंथालयात गेले. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला.

"इथे दात्याची सही."

"दाते वारले."

"मग ते देणगी कशी देणार?"

"मी देते आहे."

"पुस्तकं तुमची आहेत का?"

"त्यांची."

"मग सही त्यांचीच लागणार ना," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज थोडा खाली आला. "असं करा. 'दात्यातर्फे' लिहून तुम्ही सही करा. आणि खाली 'दात्याचे मत' आहे ना, तिथे 'अनुकूल' लिहा."

बाबा पंचवीस वर्षं या ग्रंथालयाचे सभासद होते आणि त्याच्या छापील यादीतल्या चुका काढून ती यादी दरवर्षी परत करत. त्यांचं मत अनुकूल होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण लिहिलं.

मग बाईंनी अटी सांगितल्या. फाटकं नको. संचातला सुटा खंड नको. पानं गहाळ असलेलं नको. कुणाचं उसनं आणलेलं तर मुळीच नको. मी सगळं लिहून घेतलं आणि घरी येऊन प्रोग्रामात घातलं.

तोवर वरच्या मजल्यावरचे काका येऊन बसले होते. काका वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या खिशात कायम एक टेप असते.

"अगं, हे संगणकाचं कामच नाही," ते म्हणाले. "कपाटाची लांबी किती? सरासरी जाडी किती? भागाकार कर. झालं!"

"पण कुठली ठेवायची, काका?"

"पातळ."

"आणि ही टिंबं?"

"जी महाग होती, त्यांना दिली असणार. तुझे बाबा हिशेबी माणूस." मग जरा विचार करून, "बरं, शब्दकोश तरी ठेव. पण पातळच हं. जाड शब्दकोशांनी फळ्या वाकतात. आमच्याकडची एक वाकली आहे, ये बघायला."

फळी मी बघून आले. खरंच वाकली होती. तीही अट घातली. पातळ म्हणजे किती, असं विचारल्यावर काकांनी टेप काढली, मग बाजूला ठेवली आणि अर्धं बोट दाखवलं.

टिंबं महागाची होती का, तेही तपासलं. नव्हती. जुन्या पुस्तकांची होती का? नव्हती. भेट आलेल्यांची? दोनदा वाचलेल्यांची? प्रत्येक तर्काचं एक प्रेडिकेट केलं आणि प्रत्येक प्रेडिकेट शेसव्वाशे पुस्तकांपर्यंत मान डोलवत येई आणि मग पाय ओढू लागे. गुरुवारी सकाळपर्यंत माझी एक ओळ तेवीस ओळींची झाली होती. शेवटी मी ती ऑफिसातल्या एकओळीला पाठवली.

एकओळी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे आणि माझं काम तपासतो. एका ओळीत मावेल ते दुसऱ्या ओळीत जाऊ द्यायचं नाही असा त्याचा हट्ट आहे, म्हणून हे नाव. त्याचा फोन लगेच आला.

"ही अट आहे की भाडेकरार?"

मी रजेवर असल्याची त्याला आठवण करून दिली.

"सॉरी. पण बघ ना. तू काय लिहिलंयस? एक पुस्तक घे, त्याला आपण पु म्हणू, मग त्या पुला विचार की बाबा रे तू फाटका आहेस का, आणि तो जे म्हणेल तेच तू पुन्हा म्हण. ही मधली दलाली कशाला? पुस्तकाला स्वतःला माहितेय ना ते फाटकंय का? मग नुसतं बोट दाखव. पुस्तक::फाटकं. संपलं."

याला मेथड रेफरन्स म्हणतात, हे मला माहीत होतं. मी हे दहा वर्षं वापरते आहे. मधे दोनावर दोन अशी चार टिंबं, डावीकडे कुणाला विचारायचं ते, उजवीकडे काय विचारायचं ते. पण त्या आठवड्यात मी पुस्तकांच्या वतीने बोलायला बसले होते खरी.

"आणि हे 'फाटकंनाही' कशाला नाव दिलंस? पुढे त्यालाच तू नकार दिलायस. फाटकं नाही असं नाही! वाचणाऱ्याने काय समजायचं? प्रश्न सरळ विचार, नकार बाहेरून लाव. नॉट, कंसात पुस्तक::फाटकं."

"बरं."

"रागावलीस?"

"नाही." हे उत्तर मी बाहेरून नकार लावून दिलं होतं.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळं स्वच्छ केलं. प्रत्येक प्रश्नाला सरळ नाव दिलं. मेथड रेफरन्सला उभ्या उभ्या 'आणि' जोडता येत नाही, आधी त्याला प्रेडिकेट म्हणून घरात घेऊन बसवावं लागतं. तसं एकेकाला बसवलं. मग पहिल्या चाळणीची ओळ तयार झाली: टिंब आहे, किंवा शब्दकोश आहे, आणि पातळ आहे. वाचायला सुरेख. काका मागे उभे होते, आई चष्मा लावून शेजारी. मी प्रोग्राम चालवला.

ठेवण्याजोगी पुस्तकं निघाली तीन. दोन खिशातले शब्दकोश आणि प्रेशर कुकरचं माहितीपत्रक.

"बघ," काका म्हणाले. "कपाटात जागा उरली."

चूक लगेच कळली, आणि शाळकरी होती. साध्या जावात 'आणि' नेहमी 'किंवा'च्या आधी धरलं जातं. पण प्रेडिकेटं साखळीने जोडली की ती ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने एकमेकांना धरतात. पातळपणाची अट मला फक्त शब्दकोशांना लावायची होती, ती सगळ्यांनाच लागली. टिंबवाल्या चारशे बारांपैकी काकांच्या अर्ध्या बोटात बसणारं एकच निघालं.

पण म्हणजे कुकरच्या माहितीपत्रकाला टिंब होतं.

मी कार्ड काढलं. खरंच होतं. काळ्या शाईचं, गोल. बाबांनी कुकरच्या माहितीपत्रकाचं कार्ड केलं याचं मला आश्चर्य वाटलं नाही. बारा पानं, पिनेची बांधणी, लेखक अज्ञात. पण टिंब?

"डेटात चूक आहे," एकओळी फोनवर म्हणाला. "ती नोंद उडव. बाकीचं जुळेल."

"बाबांच्या कार्डात चूक नसते."

"सगळ्यांच्या डेटात चूक असते."

"तू त्यांना भेटला नव्हतास," मी म्हटलं. तो म्हणाला, "मग त्या नोंदीपासूनच सुरुवात कर. बाकी सगळं तिच्याशी जुळायला हवं." तो वयाने लहान असला तरी त्याचं काम चांगलं आहे, हे मला इथे नोंदवलं पाहिजे.

माहितीपत्रक पोटमाळ्यावर सापडलं. सातव्या पानावर वाफेने कागद फुगलेला होता आणि 'झडप' या शब्दातली छपाईची चूक शाईने दुरुस्त केलेली होती. ते पान बघितलं आणि मला आमचं जुनं स्वयंपाकघर दिसलं. मी पंधरा वर्षांची. आई मावशीकडे गेलेली. बाबांनी आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावलेला, आणि तो शिट्टी न करता नुसताच फुत्कारत होता. बाबा दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "त्यात लिहिलेलं असेल. वाच." मी ओट्यापासून सुरक्षित अंतरावर जमिनीवर बसून पहिल्या पानापासून वाचू लागले. सुटे भाग वाचले. स्वच्छता वाचली. हमीच्या अटी वाचल्या. बाबांनी मधे एकदाच थांबवलं, ते 'झडप' दुरुस्त करायला. मी शेवटच्या पानावर पोचले तोवर कुकर आपोआप शांत झाला होता. आत काय होतं ते कळण्यापलीकडे गेलं होतं.

"संपूर्ण वाचलंस," बाबा म्हणाले होते. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. त्यांना कुणी एखादी गोष्ट संपूर्ण वाचली की कुकर, करंटेपणा, सगळं माफ असे.

मी खोक्यांशेजारी बसले. एक खोकं ओढलं. टिंब: मी हे वाचलं होतं. पुढचं टिंब: हेही. टिंब नाही: हे मी नुसतं चाळलं होतं.

दोन दिवस मी पुस्तकांनाच विचारत होते. तू जुनं आहेस का? महाग आहेस का? पातळ आहेस का? आणि ते टिंब पुस्तकाबद्दल नव्हतंच. जावात त्या चार टिंबांच्या डावीकडे सबंध जात लिहिता येते, पुस्तक, म्हणजे ज्याची पाळी येईल त्या पुस्तकाला विचारलं जातं. पण तिथे एखादी एकच ठरावीक व्यक्तीही लिहिता येते. मग रांगेतलं प्रत्येक पुस्तक तिच्यासमोर धरलं जातं आणि उत्तर तिने द्यायचं असतं.

तेवीस ओळी पुसल्या. तिथे लिहिलं: मी::वाचलंय.

एकओळीला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "हं. आता झालं." याहून मोठी स्तुती त्याने कुणाची केलेली नाही.

अर्थात आतली मेथड, म्हणजे उत्तर शोधून देणारा तुकडा, लिहायची होती, आणि ती लिहिण्याचा एकच मार्ग होता. पडद्यावर पुस्तकाचं नाव येई आणि मी हो किंवा नाही दाबी. शुक्रवारी सकाळपासून दुपारपर्यंत मी माझ्याच प्रोग्रामातली एक मेथड होऊन बसले होते. आई मधे चहा ठेवून गेली, तोही मी मागितलेला नव्हता. टिंब नसलेल्यांत सात पुस्तकं निघाली जी मी वाचली होती. ती सातही बाबांनी सर्वांत वरच्या फळीवर ठेवलेली होती आणि मी चौदाव्या वर्षी स्टुलावर चढून वाचली होती. तेवढं त्यांच्यापासून सुटलं, याचं मला बरं वाटलं.

टिंबवाल्या चारशे बारांपैकी चारशे एक जुळली. अकरा उरली.

ती अकरा मी वाचलेली नव्हती. ती गेल्या सहा वर्षांतली होती. बाबा पुस्तक हातात देत, मी घरी नेई, महिन्याने परत आणून ठेवी. मग फोन येई.

"वाचलंस का?"

"हो बाबा. छान आहे."

"शेवट कसा वाटला?"

"चांगला आहे."

"बरं," बाबा म्हणत.

ऑफिस, कामं, घर. कारणं होती, पण प्रेडिकेटला कारणं देता येत नाहीत. अकरा वेळा मी हो म्हटलं होतं आणि अकरा वेळा त्यांनी माझ्या शब्दावर टिंब दिलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाच्या कार्डांत चूक राहिली होती, आणि ती माझी होती.

शनिवारी सकाळी गाडी वेळेआधी आली. काका जिन्यात उभे राहून हमालांना खोक्यांचं वजन सांगत होते. ग्रंथालयाच्या बाई स्वतः आल्या होत्या; कार्डं आम्हाला नकोत, रद्दीत घाला, म्हणाल्या. आई कार्डांचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"कपाटात काय ठेवायचं ठरलं?" तिने विचारलं.

"माहीत नाही. टिंबाचा अर्थ कळला, पण अकरा चुकीची निघाली." मग मी तिला सांगितलं काय झालं होतं ते. खाली बघून सांगितलं.

आई म्हणाली, "ती पेन्सिलीची होती तीच का गं?"

"कुठली पेन्सिलीची?"

"टिंबं. बाकी सगळी शाईची होती, काही पेन्सिलीची होती. अकराच असतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की! 'आहे, पण' म्हटलं की तू म्हणायचीस, 'पण' बसत नाही."

मी अकरा कार्डं काढली. खिडकीशी नेली. अकराही टिंबं शिसपेन्सिलीची होती, बारीक, एका जागी नीट टेकवलेली. एका कार्डावर बांधणीच्या रकान्यात बाबांनी शाईने लिहिलं होतं: शेवटची सोळा पाने नाहीत.

शेवट कसा वाटला? चांगला आहे. बरं.

गाडी थांबली होती. बाईंनी अर्ज पुढे केला. "किती ठेवून घेताय?"

मी उभ्या उभ्या ओळ बदलली. टिंब आहे, आणि मी::वाचलंय याला बाहेरून नकार. "अकरा," मी म्हटलं.

"कपाट रिकामं राहील तुझं," काका म्हणाले. मी म्हटलं, राहू दे. पुढे कार्डांची नऊ खोकी त्यात बसली. बरोबर बसली, काकांनी मोजून दाखवलं.

तेव्हापासून मी महिन्याला एक या हिशेबाने वाचते आहे. पुस्तक संपलं की त्याचं कार्ड काढते आणि पेन्सिलीच्या टिंबावर शाईचं टिंब देते. मग प्रोग्राम पुन्हा चालवते. अकरा, दहा, नऊ. एकओळी म्हणतो, एवढ्यासाठी प्रोग्राम कशाला, बोटांवर मोज. त्याचं बरोबर आहे.

सोळा पानं नसलेलं पुस्तक मी शेवटी ठेवलं होतं. त्याची दुसरी प्रत ग्रंथालयात निघाली. बाई म्हणाल्या, घरी न्यायला सभासद व्हावं लागेल, फोटो, दोन साक्षीदार. मी म्हटलं, सोळाच पानं आहेत, इथेच वाचते. काउंटरशी उभी राहून वाचली. मग पर्समधून कार्ड काढलं, पेन उघडलं.

शेवट चांगला नाही, बाबा. अजिबात नाही. चौदा पानं ठीक आहेत, आणि मग दोन पानांत घाईघाईने सगळं आवरलं आहे. असं कुणी संपवतं का?